गुटेनबर्ग : कर्जाच्या कागदांतून सापडणारा माणूस

शाईदौत

शाळेत गुटेनबर्गबद्दल एकच ओळ पाठ केली होती: त्याने छपाईचा शोध लावला. सोबत लांब दाढीचे चित्र. पुढे कळले की ती दाढीही कल्पनेतलीच. त्याच्या हयातीतले एकही चित्र उपलब्ध नाही, आपण पाहतो ती सगळी तो गेल्यानंतर कित्येक वर्षांनी काढलेली. त्याच्या हातचे पत्र नाही, वही नाही. ज्या पुस्तकांमुळे त्याचे नाव झाले त्यातल्या एकाही पुस्तकावर त्याचे नाव छापलेले नाही.

मग हा माणूस आपल्याला कळतो कुठून? कर्जाच्या कागदांतून आणि खटल्यांच्या जबान्यांतून. गेले काही महिने मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचतो आहे. वाचता वाचता जीव गुंतला, म्हणून हा धागा.

जन्म १४०० च्या आसपास, जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीकाठच्या माइन्त्स शहरात. घराणे गेन्सफ्लाइश, शहरातल्या जुन्या, मानपानाच्या घराण्यांपैकी. गुटेनबर्ग हे खरे तर त्यांच्या वाड्याचे नाव, तेच आडनाव म्हणून चिकटले. शहरात ही जुनी घराणी आणि कारागिरांचे संघ यांच्यात सतत धुसफूस चालायची आणि घराण्यांना अधूनमधून गाव सोडून जावे लागायचे. १४३४ साली तो स्ट्रासबर्गमध्ये राहत होता हे नक्की, कारण त्या साली त्याने तिथे आलेल्या माइन्त्सच्या नगर-लेखनिकाला पकडून कोठडीत टाकवले. माइन्त्स शहराकडे त्याची वार्षिकीची (दरवर्षी मिळायची ठरलेली) रक्कम थकली होती आणि शहर दाद देत नव्हते! पुढे त्याने त्या लेखनिकाला सोडले. पण एका अख्ख्या शहराकडून येणे वसूल करायचे तर कुणाची मानगूट धरायची, हे त्याला बरोबर ठाऊक होते.

स्ट्रासबर्गमध्ये त्याने काढलेला धंदा आरशांचा. आखन शहरात दर सात वर्षांनी पवित्र अवशेष बाहेर काढून दाखवत. गर्दी एवढी, की जवळ जाणे अशक्य. म्हणून यात्रेकरू धातूच्या चौकटीतला छोटा आरसा उंच धरत आणि त्या अवशेषांचे तेज त्यात साठते असे मानत. १४३९ च्या यात्रेसाठी असे आरसे बनवायला गुटेनबर्गने तीन भागीदार घेतले आणि रोगाच्या साथीमुळे यात्रा वर्षभर पुढे गेली. भांडवल अडकले. तेव्हा भागीदारांनी त्याच्याकडे हट्ट धरला की तुला येणाऱ्या बाकीच्या विद्याही आम्हाला शिकव. नवा करार झाला.

त्यातला एक भागीदार, आंद्रेआस ड्रित्सेन, १४३८ च्या नाताळात साथीत वारला. त्याच्या भावांनी दावा लावला की भावाच्या जागी आम्हाला भागीदारीत घ्या, नाहीतर पैसे परत द्या. त्या खटल्यातल्या साक्षी वाचताना माझ्या अंगावर काटा आला. ड्रित्सेनच्या घरात एक दाबयंत्र होते. त्यात चार तुकडे होते. तो मरताच गुटेनबर्गने निरोप पाठवला की ते तुकडे सुटे करून ठेवा, म्हणजे ती वस्तू काय आहे हे बघणाऱ्याला कळणार नाही. शिसे विकत घेतल्याचा उल्लेख आहे, साचे वितळवल्याचा आहे. हान्स ड्यूने नावाच्या सोनाराने सांगितले की गुटेनबर्गकडून मी १०० गुल्डन (तेव्हाची सोन्याची नाणी) कमावले, आणि तेही केवळ ‘छापण्याशी संबंधित’ कामाचे. १४३९ साल आणि सोनाराच्या तोंडी ‘छापणे’ हा शब्द. यापलीकडे कुणीही चकार शब्द काढलेला नाही. निकाल गुटेनबर्गच्या बाजूने लागला, भावांना त्याने फक्त १५ गुल्डन द्यायचे ठरले.

१४४८ मध्ये तो माइन्त्सला परतलेला दिसतो, तोही कर्जाच्याच कागदात: नातलगाकडून १५० गुल्डन. मग १४५० मध्ये योहान फुस्ट या सधन माणसाकडून ८०० गुल्डन, सामानसुमान तारण ठेवून. १४५२ मध्ये त्याच्याकडूनच आणखी ८००, या वेळी ‘पुस्तकांच्या कामातली’ भागीदारी म्हणून.

एवढा पैसा कशात गेला? माझे मत असे की लाकडी यंत्र हा या सगळ्यातला सोपा भाग होता. द्राक्षे पिळायची आणि कागद दाबायची यंत्रे त्या मुलुखात पिढ्यान् पिढ्या होती. अवघड होता तो खिळा, म्हणजे छापायचे धातूचे सुटे अक्षर. पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. तो पंच तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा की सुलट, खोलगट अक्षर उमटते. तो तुकडा हातात मावणाऱ्या साच्याच्या तळाशी बसवायचा आणि वरून शिसे, कथील आणि अँटिमनीचा रस पळीने ओतायचा. रस क्षणात थिजतो, साचा उघडला की खिळा तयार. अँटिमनीमुळे खिळा कडक होतो आणि निवताना फारसा आकसत नाही. साच्याचे दोन भाग एकमेकांवर सरकणारे, त्यामुळे बारीक ‘आय’ला अरुंद पोकळी आणि ऐसपैस ‘एम’ला रुंद. उंची मात्र प्रत्येक खिळ्याची तीच, केसभरही फरक नाही.

शाईही नवी करावी लागली. लाकडी ठशांची पाणचट शाई धातूवर ठरत नाही, म्हणून तेलात काजळी घोटलेली शाई. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात कणांचा झोत सोडून ही शाई तपासली, तेव्हा तिच्यात शिसे आणि तांबे भरपूर सापडले. ती पाने आजही काळीभोर आणि तकतकीत आहेत.

या सगळ्यातून उभे राहिले ते पानाला ४२ ओळींचे लॅटिन बायबल. दोन खंड, १२८० च्या वर पाने (आपण पृष्ठे म्हणतो ती). १४५४ च्या ऑक्टोबरात फ्रँकफुर्टला त्याच्या सुट्या घड्या दाखवायला आणल्या होत्या. पुढे पोप झालेल्या पिकोलोमिनीने मार्च १४५५ च्या पत्रात एका कार्डिनलला कळवले आहे की अक्षर इतके स्वच्छ आहे की तुम्हाला चष्म्याशिवाय वाचता येईल, आणि काम पुरे व्हायच्या आतच सगळ्या प्रतींना गिऱ्हाईक मिळाले आहे.

आणि त्याच वर्षी फुस्टने त्याला कोर्टात खेचले. मुद्दल आणि व्याज मिळून मागणी दोन हजार गुल्डनच्या वर गेली होती. ६ नोव्हेंबर १४५५ ला माइन्त्समधल्या फ्रान्सिस्कन मठाच्या भोजनगृहात सगळे जमले. गुटेनबर्ग स्वतः गेला नाही, आपली माणसे पाठवली. तिथे फुस्टने शपथ घेतली आणि नोटरी हेल्मास्पेर्गरने ती कागदावर उतरवली. तो कागद आज ग्योटिंगेनच्या विद्यापीठ ग्रंथालयात आहे. छापखाना आणि बायबलचा साठा फुस्टच्या हाती गेला असे बहुतेक अभ्यासक मानतात. गिऱ्हाईक दारात उभे असताना माणसाच्या हातून काम जावे, याचे मला फार वाईट वाटते.

तुम्ही काय म्हणता?

पानोपानी

सुंदर लिहिलेय. चार तुकडे सुटे करून ठेवायचा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला.
एक शंका. सुटी अक्षरे चीन आणि कोरियात याच्या आधी होती ना? मग याला जनक कसे म्हणायचे?

जुनाजुळारी

मी तीस वर्षे खिळे जुळवले. आता डोळे साथ देत नाहीत, नातीकडून टंकून घेतो आहे.

शाईदौत, उंचीबद्दल तुम्ही लिहिले ते शंभर टक्के खरे. एक खिळा जरा उंच असला की तो कागदाला भोक पाडतो आणि त्याच्या शेजारचा उठतच नाही. मग उठत नसलेल्या अक्षरासाठी यंत्राच्या पाठीमागे कागदाचे तुकडे चिकटवत बसा. अर्धा दिवस त्यातच जायचा. रुंदीचेही तसेच. डाव्या हातात स्टिक (ओळ जुळवायची धातूची पट्टी), उजव्या हाताने खणातून खिळा उचलायचा, अंगठ्याने आधीच्या खिळ्याला दाबून धरायचा. ओळ भरली की ती स्टिकमध्ये ताठ उभी राहिली पाहिजे. सैल राहिली तर पान उचलताना मधली अक्षरे गळतात. शिकाऊ असताना माझ्या हातून बांधलेल्या पानाचा दोरा सुटला होता. अख्खे पान जमिनीवर. मालक ओरडले नाहीत, ‘वेच’ एवढेच म्हणाले. संध्याकाळपर्यंत मी गुडघ्यांवर बसून वेचत होतो.

तेव्हा खिळे तयार मिळायचे, फाउंड्रीतून वजनावर. ज्याने हे पहिल्यांदा केले त्याला पंच कोरण्यापासून सुरुवात करावी लागली असणार. अशा एका पानाला किती खिळे लागत असतील?

शाईदौत

@जुनाजुळारी, तुमच्यासारख्या माणसाने लिहिले यात धाग्याचे सार्थक झाले. बायबलच्या एका पानाला सुमारे अडीच हजार खिळे. जुळवणीतल्या सवयी तपासून अभ्यासकांनी असे अनुमान काढले की एका वेळी सहा जुळाऱ्यांपर्यंत माणसे काम करत होती. म्हणजे काही पाने जुळवली जाताहेत, काही यंत्रावर आहेत, काहींचे खिळे सोडवून खणात परत टाकायचे आहेत. खिळे किती ओतावे लागले असतील याचा अंदाज तुम्हीच जास्त चांगला कराल.

@पानोपानी, होय, होती. चीनमध्ये बी शेंगने १०४० च्या दशकात भाजक्या मातीची सुटी अक्षरे केली, शेन क्वो या विद्वानाने ती पद्धत बारकाईने लिहून ठेवली आहे. कोरियात धातूच्या खिळ्यांनी छापलेले ‘जिकजी’ हे बौद्ध पुस्तक १३७७ चे, हुंगदोक मठातले. त्याचा दुसरा खंड आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. हे सगळे गुटेनबर्गच्या कानावर आले होते असा एकही पुरावा नाही. पण सुट्या अक्षराची कल्पना पहिल्यांदा त्याची, असे म्हणणे चूकच. मी त्याला मान देतो तो ओतण्याची पद्धत, शाई, दाब आणि कागद यांची एकत्र घडी बसवण्याबद्दल. तिकडे कागद ठशावर ठेवून पाठीमागून हाताने घासत. आणि हजारो चिन्हांच्या लिपीला खिळे करणे म्हणजे काय, याचाही विचार करा.

हिशेबनीस

लेख आवडला, पण फुस्टवर अन्याय होतो आहे असे मला मनापासून वाटते.

तुम्ही म्हणता तोच हेल्मास्पेर्गरचा कागद नीट पाहा. फुस्टने शपथेवर सांगितले आहे की यातली बरीचशी रक्कम मी स्वतः व्याजाने उचलून दिली. म्हणजे त्याच्याही डोक्यावर सावकार होता. पाच वर्षे पैसा बाहेर, हातात एकही पूर्ण पुस्तक नाही. दुसऱ्या ८०० ची भाषा बघा, ती भागीदारीची आहे. पुस्तकांच्या कामाला दिलेला पैसा पुस्तकांच्याच कामाला लागला पाहिजे असे त्याचे म्हणणे. आणि त्याच काळात माइन्त्समध्ये काय काय छापले जात होते? पापमुक्तीची पत्रे, दोनातुसचे शालेय व्याकरण, तुर्कांविरुद्ध हाक देणारे १४५५ सालचे कॅलेंडर. ही पटकन रोकडा देणारी कामे. हा पैसा कुणाच्या खात्यात गेला, यावरूनच बिनसले असणार असे मला वाटते.

खर्चही बघा. कागद बराचसा इटलीहून. शिवाय सुमारे पावभाग प्रती चर्मपत्रावर, आणि चर्मपत्राच्या एका प्रतीला शंभरावर वासरांची कातडी. सहा जुळारी, यंत्रावरची माणसे, शाईवाले. गिऱ्हाईक ठरले होते हे खरे, पण ठरलेले गिऱ्हाईक आणि हातात पडलेला पैसा यांच्यात किती अंतर असते ते धंदा केलेल्याला विचारा.

पानोपानी

हिशेबनीस, हे पटले. मला फुस्ट म्हणजे खलनायकच वाटत होता.

शाईदौत

@हिशेबनीस, अर्धे मान्य. पैसे मागणे त्याचा हक्क होता. माझे दुःख वेगळे आहे. फुस्टने पुढे ज्याला हाताशी धरले तो पेटर शोफर गुटेनबर्गच्या कामावरचाच माणूस. आधी पॅरिसला हाताने ग्रंथ लिहिणारा लेखनिक, अक्षराची उत्तम जाण असलेला. त्या दिवशी भोजनगृहात तो फुस्टच्या बाजूने साक्षीदार म्हणून हजर होता, पुढे फुस्टच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. १४ ऑगस्ट १४५७ ची तारीख घेऊन त्यांची स्तोत्रसंहिता बाहेर पडली. छापल्याची तारीख आणि छापणाऱ्यांची नावे असलेले युरोपातले ते पहिले पुस्तक. तांबड्या-निळ्या रंगांत छापलेली आद्याक्षरे, काम अप्रतिम. त्यात फुस्ट आणि शोफर ही दोनच नावे आहेत. एवढे मोठे काम दोन वर्षांत शून्यातून उभे राहत नाही. त्याची तयारी गुटेनबर्गच्या हाताखालीच सुरू झाली असणार, असे अनेक अभ्यासकांना वाटते आणि मलाही.

बोरू

मी सुलेखन करते, म्हणून एक वेगळी बाजू.

गुटेनबर्गला नवे दिसणारे पुस्तक करायचेच नव्हते. त्याला हवा होता उत्तम लेखनिकाच्या हातचा ग्रंथ. लॅटिन अक्षरे दोन डझन, पण त्याने या बायबलसाठी केले जवळजवळ २९० वेगवेगळे खिळे. एकाच अक्षराची रुंद आणि अरुंद रूपे, जोडून ओतलेली अक्षरे, डोक्यावर रेघ असलेली संक्षेपाची चिन्हे. लेखनिक ओळ संपत आली की अक्षरे दाटवतो, शब्द आखडतो आणि उजवी कड सरळ राखतो. तेच त्याने धातूत केले. उजवीकडची ती कड मी तासभर बघत बसले होते. ओळीच्या शेवटचे जोडचिन्हही त्याने कडेच्या किंचित बाहेर ठेवले आहे, म्हणजे डोळ्याला कड सरळ दिसते. आजही चांगले मुद्रक हे करतात.

सुरुवातीच्या काही पानांवर लाल मथळेसुद्धा छापून पाहिले होते. त्यासाठी तोच कागद दुसऱ्यांदा यंत्रावर चढवावा लागे. ते सोडून दिले आणि जागा मोकळी ठेवली. मग गिऱ्हाईक आपापल्या गावच्या कलाकाराकडून लाल-निळी अक्षरे आणि वेलबुट्टी काढून घेई. त्यामुळे एकाच छापाच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तरी वेगळ्या दिसतात. आज सगळ्या मिळून, अपुऱ्या धरून, पन्नासच्या आतबाहेर उरल्या आहेत.

नवीनसभासद

फुस्टला पॅरिसमध्ये चेटक्या म्हणून पकडले होते असे ऐकले आहे. सगळी बायबले हुबेहूब सारखी दिसली म्हणून. खरे का?

शाईदौत

दंतकथा. फुस्ट १४६६ मध्ये पॅरिसमध्येच वारला, बहुधा प्लेगने. पुढे फाउस्ट नावाच्या जादूगाराच्या कथा पसरल्या, नावे सारखी, आणि दोन्ही माणसे लोकांच्या मनात एक झाली.

कसोटी

शाईदौत, साच्याबद्दल तुम्ही जरा जास्त ठामपणे लिहिले आहे. २००१ च्या सुमारास प्रिन्स्टनमध्ये पॉल नीडहॅम आणि ब्लेझ आग्वेरा इ आर्कास यांनी गुटेनबर्गच्या खिळ्यांनी छापलेल्या १४५६ च्या एका पत्रकाची मोठी छायाचित्रे घेऊन त्यातले ‘आय’ एकमेकांवर ठेवून पाहिले. सगळे एकाच तांब्याच्या तुकड्यातून ओतलेले असते तर त्यांचे मोजकेच प्रकार सापडायला हवे होते. सापडले पुष्कळ. त्यांचे म्हणणे असे, की साचा कायमचा नसून वाळूसारख्या मऊ पदार्थात दर वेळी नव्याने केला जात असावा आणि पंच-तांबे-साचा ही पद्धत थोडी नंतर पक्की झाली असावी. सर्वांना हे मान्य नाही. खिळे झिजतात, वाकतात, शाई कमीजास्त लागते, असे उलट बाजूचे म्हणणे. पण तुमची ‘मुठीतल्या साच्या’ची गोष्ट बरीचशी नंतरच्या फाउंड्र्या पाहून मागे नेलेली आहे, हे सांगायला हवे होते.

शाईदौत

बरोबर आहे, सांगायला हवे होते. मी लिहिलेली कृती ही पुढे साडेचारशे वर्षे टिकलेली पद्धत. तिचे प्रत्येक पाऊल १४५० मध्येच तसे होते असे कागदोपत्री कुठेही नाही. ड्यूने सोनार काय म्हणाला तेवढेच आपल्या हाती. तरी माझा मुद्दा मी सोडत नाही: साचा तांब्याचा असो की वाळूचा, हजारो खिळे एका उंचीचे मिळवणे हेच त्याचे खरे काम, आणि त्यापुढे यंत्राचा दांडा ओढणे काहीच नाही. तुम्ही चूक दाखवलीत म्हणून मनापासून आभार.

पानोपानी

शेवटी काय झाले त्याचे? वाचवत नाहीये, पण विचारते.

शाईदौत

छापणे थांबले नसावे. १४६० चा ‘काथोलिकॉन’ नावाचा जाडजूड लॅटिन कोश माइन्त्समध्ये निघाला. त्याच्या शेवटी लिहिले आहे की हे पुस्तक बोरू, टाक वा लेखणीच्या मदतीने नव्हे तर ठशांच्या आणि अक्षरांच्या आश्चर्यकारक जुळणीतून झाले. मुद्रकाचे नाव तिथेही नाही आणि त्यावरून आजही वाद आहे.

१४५८ पासून स्ट्रासबर्गच्या सेंट थॉमस चर्चकडून घेतलेल्या कर्जाचे व्याज थकले. २८ ऑक्टोबर १४६२ ला आर्चबिशपपदावर हक्क सांगणाऱ्या नासाऊच्या अडॉल्फने माइन्त्स जिंकले, लुटले आणि कित्येक नागरिकांना हाकलून दिले. मुद्रकही पांगले. पुढच्या काही वर्षांत छपाई इटलीत आणि इतरत्र झपाट्याने पोचली, त्यात या पांगापांगीचा हात होता असे मानतात. गंमत म्हणजे त्याच अडॉल्फने, आता आर्चबिशप म्हणून, १७ जानेवारी १४६५ ला गुटेनबर्गला आपल्या दरबारात मानाची जागा दिली. दरवर्षी दरबारी पोशाख, सुमारे दोन हजार लिटर धान्य, तेवढीच द्राक्षाची दारू आणि करांतून सूट. म्हातारपणी पोटाची काळजी मिटली, एवढे तरी झाले. तीन वर्षांनी, १४६८ च्या फेब्रुवारीत, तो गेलेला होता. ज्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये पुरले ते अठराव्या शतकात पाडले, थडगे उरले नाही.

शेवटचा कागदही देण्याघेण्याचाच. २६ फेब्रुवारी १४६८ ला माइन्त्सचा कायदेपंडित डॉ. कोनराड हुमेरी लिहून देतो की योहान गुटेनबर्गच्या मागे राहिलेले साचे, अक्षरे, अवजारे मला पोचली, ती माझीच होती. यांनी छापेन तर माइन्त्समध्येच छापेन, विकायची वेळ आली तर सारख्या किमतीला आधी माइन्त्सच्या नागरिकाला देईन.

जुनाजुळारी

चार दिवसांनी लिहितो आहे. नातीने संगणकावर या बायबलाच्या दोन प्रती उघडून दिल्या, दोन वेगळ्या ग्रंथालयांतल्या. पहिले पान मोठे करून मी बोट ठेवून ओळी मोजल्या. एका प्रतीत ४० भरल्या. तुम्ही ४२ म्हणालात म्हणून पुन्हा मोजल्या, ४०च. दुसऱ्या प्रतीत त्याच पानावर ४२. मजकूर तोच. असे कसे?

बोरू

काका, तुमची नजर अजून शाबूत आहे. सुरुवात ४० ओळींनीच झाली होती. नऊ पाने ४० ची, दहावे ४१ चे, मग ४२. खिळ्याचे अंग वरखाली थोडे कमी करून त्याच उंचीच्या पानात दोन ओळी जास्त बसवल्या आणि कागद वाचवला. मग काम सुरू झाल्यावर प्रती वाढवायचे ठरले. तोवर आधीची पाने सोडून खिळे खणात परत गेले होते. म्हणून वाढीव प्रतींसाठी ती पाने नव्याने जुळवली, आणि नव्याने जुळवताना ती ४२ ओळींची केली. तुम्हाला दोन्ही जुळण्या दिसल्या.

जुनाजुळारी

म्हणजे सोडलेले मॅटर पुन्हा जुळवले. मागणी वाढली की हे आम्हालाही करावे लागे. पहिल्या पानाचे प्रूफ वाचून झालेले, चुका काढलेल्या, आणि तेच पान पुन्हा पहिल्या अक्षरापासून. नातीला सांगितले, दोन्ही पाने शेजारी शेजारी लाव. आता ओळीओळीने बघतो आहे, दुसऱ्या खेपेला त्या जुळाऱ्याने कोणता शब्द कुठे आखडला ते.